वर्ख लावलेलं विज्ञान

जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहरींचं ध्रुवीकरण करून दाखवायला चक्क रेल्वेचं वेळापत्रक वापरलं होतं. ब्रॅडशॉचं ते जाडजूड पुस्तक आणि त्याच्या पानापानांत सारलेला कथलाचा पातळ पत्रा. पत्र्याला समांतर कंप पावणारी लहर अडते, काटकोनात कंप पावणारी आरपार जाते. झाला ध्रुवक तयार. 1898 मध्ये तर त्यांनी तागाच्या धाग्यांना पीळ दिला, त्यांची जुडी लहरीच्या वाटेत ठेवली आणि कंपनाची दिशाच फिरवून दाखवली. ताग आणि टाइमटेबल! निवृत्त माणसाने असलं काही वाचू नये. माझ्या पुढच्या सगळ्या बेअब्रूचं मूळ या दोन वस्तूंत आहे.

मी भौतिकशास्त्राचा बी.एस्सी. पदवी हातात पडली त्याच वर्षी बँकेत चिकटलो आणि उरलेलं आयुष्य सोनेतारण कर्ज देण्यात गेलं. त्यामुळे प्रकाश आणि सोनं या दोन्ही विषयांतलं मला थोडं थोडं कळतं, आणि थोडं थोडं कळणाऱ्या माणसाइतका धाडसी प्राणी दुसरा नाही. सांगलीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे सेक्रेटरी जानेवारीत घरी आले. म्हणाले, "साहेब, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन. गेल्या वर्षी डॉक्टर मधुमेहावर बोलले आणि नंतरच्या जिलब्या तशाच राहिल्या. या खेपेला तुम्ही घ्या काहीतरी. जरा हलकंफुलकं."

मी म्हटलं, "पृष्ठलहरींमधला प्रकाशाचा आडवा स्पिन."

सेक्रेटरींनी चहा संपवला आणि वहीत 'प्रकाश' एवढंच लिहून घेतलं.

हा विषय माझ्या डोक्यात घातला नातीने. ती एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करते आणि सुटीला आली की जेवताना कामाबद्दल बोलते. मी मान डोलावतो. समोरच्याचं बोलणं कळो न कळो, मान डोलवायची ही बँकेतली सवय. पण त्या दिवशी ती जे म्हणाली ते खरंच कानात राहिलं.

प्रकाश स्वतःबरोबर कोनीय संवेग नेतो, म्हणजे ज्यावर पडेल त्याला पिळण्याची थोडी ताकद त्याच्यात असते, हे मला माहीत होतं. पॉइंटिंग यांनी 1909 मध्येच वर्तुळाकार ध्रुवित प्रकाशाबद्दल हे भाकीत केलं, आणि हा परिणाम मोजता येईल अशी आपल्याला फारशी आशा नाही, असंही प्रामाणिकपणे सांगून टाकलं. ज्यांच्या शोधासाठी आपण विज्ञान दिन साजरा करतो त्या रामन यांनी भगवंतम यांच्याबरोबर 1931 मध्ये, विखुरलेल्या प्रकाशाचा अभ्यास करून, फोटॉनला स्पिन असल्याचा पुरावा मांडला. आणि 1936 मध्ये प्रिन्स्टनला रिचर्ड बेथ यांनी निर्वातात, क्वार्ट्झच्या केसासारख्या धाग्याला क्वार्ट्झचीच चकती टांगली, तिच्यातून प्रकाश सोडला आणि ती पिळली जाते हे मोजून दाखवलं. या सगळ्यात प्रकाश ज्या दिशेला चालला आहे, त्याच दिशेभोवती त्याची फिरकी, म्हणजे स्पिन, असते. पुस्तकात तसं लिहिलं होतं, मीही परीक्षेत तसंच लिहिलं, मला मार्क मिळाले, विषय संपला.

"आजोबा, पृष्ठभागाला चिकटून पळणाऱ्या लहरीत तसं नसतं," नात म्हणाली. "तिथे फिरकीचा अक्ष आडवा असतो. लहर पुढे चालली असेल तर अक्ष डावी-उजवीकडे. सायकलच्या चाकाचा आस असतो तसा. आणि लहर उलट दिशेने पळाली की फिरकीही आपोआप उलटते."

ताटातली आमटी गार होईपर्यंत मी तिला यामागचं कारण विचारत राहिलो, आणि ते कारण इतकं साधं निघालं की सगळ्या संघाला सांगावंसं वाटलं. मोकळ्या जागेत प्रकाशाचं विद्युत क्षेत्र प्रवासाच्या दिशेला कायम काटकोनात असतं. पण पृष्ठभागालगतची लहर वर जावं तशी विरत जाते. काहीशे नॅनोमीटरवर तिचं नाव-निशाण उरत नाही. आता रिकाम्या जागेत विद्युत क्षेत्राच्या रेषांना सुटी टोकं असू शकत नाहीत, हा मॅक्सवेलचा कायदा. वर जाताना क्षेत्र क्षीण होतंय म्हणजे रेषा वाटेत कुठेतरी वाकून वळल्याच पाहिजेत. त्या वळतात पुढे-मागे, प्रवासाच्याच दिशेत. म्हणून या लहरीत उभ्या कंपनाबरोबर प्रवासाच्या दिशेतलं एक कंपनही येतं, आणि ते पाव आवर्तनाने मागेपुढे असतं. बाण आत्ता वर, मग मागे, मग खाली, मग पुढे. म्हणजे तो फिरला! आत सोडलेला प्रकाश साधा, एका रेषेत कंप पावणारा असला तरी पृष्ठभागावर आल्यावर त्याला फिरावंच लागतं. चाक मात्र गोल नसतं, चेपलेलं असतं. सोन्यावर लाल प्रकाश असेल तर हवेतला पुढे-मागेचा भाग उभ्या भागाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा कमीच भरतो.

या लहरी काही आजच्या नव्हेत. झेनेक यांनी त्यांचं गणित 1907 मध्ये जमिनीलगतच्या रेडिओ लहरींसाठी मांडलं होतं. ते आडवं चाक मात्र त्यांच्या पोटात शतकभर लपून राहिलं. कॉन्स्टँटिन ब्लिओख आणि फ्रँको नोरी यांनी 2012 मध्ये त्याकडे नेमकं बोट दाखवलं. एवढी वर्षं ते मॅक्सवेलच्या समीकरणांत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मला याचा फार आनंद झाला. मोठमोठ्या लोकांच्या नजरेतून जे सुटलं ते माझ्याही नजरेतून सुटलं होतं, म्हणजे आपण चांगल्या संगतीत आहोत!

आता नुसतं बोललो असतो तर निभावलं असतं. पण बोस डोक्यात होते. प्रयोग करून दाखवायचा, आणि तोही घरच्या वस्तूंत.

प्रयोग असा. काचेच्या लोलकाच्या एका बाजूवर सोन्याचा पातळ थर द्यायचा आणि आतून त्या बाजूवर लेसर टाकायचा. एरवी तो पूर्ण परावर्तित होऊन भिंतीवर लख्ख ठिपका पडतो. लोलक हळूहळू फिरवत गेलं की काचेतला कोन 44 अंशांच्या आसपास आल्यावर तो ठिपका एकाएकी विझतो. प्रकाश सोन्याच्या पृष्ठभागावरच्या लहरीत शिरतो, मिलीमीटरच्या शंभराव्या हिश्श्याइतकं अंतर पळतो आणि उष्णता होऊन संपतो. कोन आणखी बदलला की ठिपका परत उजळतो. क्रेट्शमन आणि रेदर यांनी 1968 मध्ये ही मांडणी दिली. नंतर स्वीडनमधल्या लोकांनी 1983 मध्ये तिच्यावर जैविक रेणू ओळखायचं तंत्र उभारलं, कारण सोन्यावर प्रथिनाचा एक थर बसला तरी विझण्याचा कोन सरकतो.

लोलक घरात होता. पावसात बुरशी धरलेली दुर्बीण मी उघडली; आत काटकोनी लोलकांच्या जोड्या असतात. (दुर्बीण मेहुण्याची होती. हे त्याला या लेखातूनच कळेल.) लेसर म्हणजे बँकेच्या निरोपसमारंभात मिळालेला लाल पॉइंटर. राहिलं सोनं.

थराची जाडी लागते सुमारे 50 नॅनोमीटर. मी सोनेतारणवाला, हिशेब आपोआप झाला. चौरस सेंटिमीटरला 0.1 मिलिग्रॅमसुद्धा पुरतं भरत नाही! आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यात 10 फूट बाय 11 फुटांच्या खोलीची अख्खी जमीन मढवता येईल. हे मी बायकोला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने पहिल्यांदा हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बांगड्या काढून कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

मग ओळखीच्या सराफाकडे गेलो. "पन्नास नॅनोमीटरचा पत्रा काढून द्याल का?" त्याने विचारलं, "वजनात सांगा." मी वजन सांगितलं. त्याने चष्मा काढून पुसला. एवढं सोनं त्याच्या दुकानाच्या केरात रोज जातं, असं तो म्हणाला, आणि पाणी विचारलं.

आता उरला वर्ख. डब्यात काजूकतली होती. चांदीवरही हा प्रयोग होतो, किंबहुना सोन्यापेक्षा नेटका होतो. मी सुरीच्या टोकाने काजूकतलीवरचा वर्ख उचलून लोलकावर ठेवला. वर्खाबरोबर साखर आली, तूप आलं आणि अर्ध्या तासाने मुंग्या आल्या. तेव्हा मिठाईवाल्याकडून वर्खाची कोरी वही आणली. दोन कागदांमधून वर्ख काढताना पंखा बंद ठेवायचा असतो हे मला माहीत होतं. श्वासही बंद ठेवायचा असतो हे माहीत नव्हतं. पहिलं पान माझ्या नाकावर बसलं, दुसरं मिशीत गेलं. दूधवाला दारात आला तेव्हा मी पैसे द्यायला तसाच बाहेर गेलो. त्याने हात जोडले.

शेवटी आयुर्वेदिक औषधांच्या दुकानातून सोन्याचा वर्ख आणला, बायकोला न सांगता. पण सोन्याचा वर्ख चांगल्यातला चांगला घेतला तरी साधारण 100 नॅनोमीटरचा असतो, म्हणजे हवा त्याच्या दुप्पट. प्रकाशाचं क्षेत्र सोन्यात तीसेक नॅनोमीटरमध्येच खचतं. एवढ्या जाडीतून पलीकडच्या पृष्ठभागापर्यंत पोचायला त्याच्यात जीवच उरत नाही. शिवाय सोन्याचं आणि काचेचं मुळात पटत नाही. प्रयोगशाळेतसुद्धा दोघांच्या मध्ये क्रोमियमचा दोन-तीन नॅनोमीटरचा मध्यस्थ बसवतात, आणि मग निर्वातात सोनं तापवून त्याची वाफ काचेवर जमवतात. माझ्याकडे मध्यस्थ म्हणून डिंकाचं पाणी होतं. वर्खाला सुरकुत्या पडल्या, भोकं पडली. उजेडासमोर धरल्यावर मात्र त्यातून सुंदर हिरवट प्रकाश दिसला आणि मी ते पाहत इतका वेळ बसलो की भात लागला.

बोस यांचं जमलं आणि माझं का जमेना, हे मला त्याच रात्री समजलं, फार उशिरा. बोस यांच्या लहरींची लांबी सेंटिमीटर-मिलीमीटरांत होती. अगदी लहानातली लहान घेतली तरी 5 मिलीमीटर. पत्रा थोडा वाकडा बसला, तागाची जुडी थोडी सैल झाली, तरी लहरीला पत्ता लागत नाही. माझ्या लाल पॉइंटरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर, म्हणजे त्यांच्या त्या लहानात लहान लहरीच्याही सुमारे आठ हजाराव्या हिश्श्याची. तिला डिंकाचा प्रत्येक बुडबुडा डोंगराएवढा. त्यात बोस हे बोस होते, हा मुद्दा बायकोने मांडला आणि मी तो नोंदवून घेतला.

तरीही मी रोज संध्याकाळी दिवे घालवून लोलक फिरवत बसायचो. ठिपका भिंतीवर ठाम. नातीला फोन केला. तिने वर्ख, मुंग्या, डिंक सगळं न हसता ऐकून घेतलं (फोन मध्येच दोनदा म्यूट झाला होता) आणि एकच विचारलं, "आजोबा, पी लावलाय की एस?"

इथे माझी बोलती बंद. प्रकाशाचं कंपन आपाताच्या पातळीत, म्हणजे येणारा आणि परतणारा किरण ज्या पातळीत असतात तिच्यात, असेल तर ते पी. त्याचा एक भाग पृष्ठभागाला काटकोनात येतो, तो सोन्यातले इलेक्ट्रॉन वर-खाली ढकलतो, पृष्ठभागावर प्रभार साठतो आणि लहर जन्माला येते. कंपन पृष्ठभागाला समांतर असेल तर ते एस. ते इलेक्ट्रॉनांना पृष्ठभागावरच इकडेतिकडे सरकवतं; प्रभार साठत नाही, लहर होत नाही. एस असेल तर जगातला सर्वोत्तम थर घ्या आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं लोलक फिरवा, काही होणार नाही.

मी टीपॉयच्या काचेवर लेसर तिरका टाकून पाहिला. 56 अंशांच्या आसपास, ब्रूस्टरच्या कोनाला, पी प्रकाशाचं परावर्तन नाहीसं होतं. पॉइंटर त्याच्या स्वतःच्याच अक्षाभोवती फिरवला आणि टीपॉयवरून छतावर पडणारा ठिपका विझताना दिसला. एवढा एक प्रयोग मला पहिल्या फटक्यात जमला. त्यावरून हेही सिद्ध झालं की आजवर मी एस लावून बसलो होतो.

28 फेब्रुवारीला हॉल भरला होता. वड्यांचा वास सुटला होता. मी पी लावून, उरलेल्यातला सर्वांत बरा वर्ख लोलकावर बसवून, दिवे घालवायला सांगितले. "आता हा लाल ठिपका," मी म्हणालो, "तुमच्या डोळ्यांदेखत विझेल."

लोलक फिरवू लागलो. ठिपका विझेना. मी बोस सांगितले. विझेना. रामन सांगितले, बेथ सांगितले. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "फुंकर मारा." मी फिरवतच होतो, आणि अचानक ठिपका मंदावला. आणखी मंदावला. विझला! टाळ्या पडल्या. सेक्रेटरी उभे राहिले. मीही नम्रपणे मान झुकवली, कारण अंधारातही मला स्पष्ट कळलं होतं की पॉइंटरचे सेल संपले आहेत.

दिवे लागायच्या आत पहिल्या रांगेतल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा आवाज आला. "साहेब, तुम्ही मघाशी म्हणालात की कोन पुढे गेला की ठिपका परत येतो. तो आणा ना परत."

असा प्रश्न विचारणारा माणूस प्रत्येक सभेत एकच असतो आणि तो नेहमी पहिल्या रांगेत बसतो. मी म्हणालो, "बाई, परत आणायचा प्रयोग पुढच्या भागात." बाई म्हणाल्या, "मग मला नवे सेल द्या, मी आणते."

पुढचा भाग मात्र खरोखर बरा झाला. नातीबरोबर थ्री-डी सिनेमा पाहिला होता, त्या वेळचा चष्मा माझ्याकडे होता. (बाहेर पडताना डब्यात टाकायचा राहून गेला, असं मी सगळ्यांना सांगतो.) अनेक थिएटरांतले हे चष्मे वर्तुळाकार ध्रुवकांचे असतात, एका डोळ्याला डाव्या फिरकीचा प्रकाश, दुसऱ्याला उजव्या. तो घालून आरशासमोर उभं राहायचं आणि एक डोळा मिटायचा. आरशात मिटलेला डोळा दिसतो आणि उघडा डोळा काळ्या काचेआड गायब! कारण परावर्तनात फिरकी उलटते आणि तुमच्याच डोळ्यावरून निघालेला प्रकाश परत येताना त्याच काचेत अडतो. हॉलच्या वॉश बेसिनसमोर रांग लागली. ज्यांना एक डोळा मिटता येत नव्हता त्यांचा डोळा शेजाऱ्यांनी हाताने झाकला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले दोघे, कुणाला जास्त काळं दिसतं यावरून भांडले. सेक्रेटरी आरशासमोरून हलेनात. संघाच्या इतिहासात वडे पहिल्यांदाच गार झाले.

पण बाईंनी मला वड्यांच्या टेबलापाशी गाठलंच. "आरशातली ही फिरकी प्रवासाच्या दिशेतली झाली. तुमची आडवी कुठे आहे?" मी त्यांना कागदाच्या बशीवर सगळं काढून दाखवलं. व्हिएन्नाच्या प्रयोगाचंही सांगितलं. तिथे 2014 मध्ये केसाहून कितीतरी बारीक काचेच्या तंतूवर सोन्याचा एक कण बसवला आणि त्यावर बाजूने फिरता प्रकाश टाकला. उजव्या फिरकीला तंतूतला बहुतेक प्रकाश एका टोकाकडे धावला, डाव्या फिरकीला दुसऱ्या. दिशा आणि फिरकी एकमेकांना बांधलेली असली की फिरकी निवडा, दिशा आपोआप निवडली जाते. बाई चटणीतून वर पाहत म्हणाल्या, "एवढं कळतं तुम्हाला, तर ते सेलचं कशाला केलंत?"

कोविडच्या काळात घरी केलेल्या चाचणीतली लाल रेघ आठवते ना, असं मी विषय बदलायला विचारलं. अनेक किटमध्ये तो लाल रंग सोन्याच्या सूक्ष्म कणांचा असतो आणि त्यामागेही पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनांचंच डोलणं असतं. बाईंना ते माहीत होतं.

पुढच्या विज्ञान दिनाला गुडघेदुखीवर व्याख्यान ठरलं आहे. बाईंनी मात्र मला वर्षभराची मुदत दिली आहे: ठिपका विझवून परत आणायचा, तोही त्यांनी स्वतः आणलेल्या सेलवर. तेव्हा वाचकांपैकी कुणाच्या कॉलेजात निर्वात कोटिंगचं यंत्र असेल, आणि ते तपासणीच्या दिवशी दाखवण्यापुरतं नसून खरोखर चालत असेल, तर या लोलकावर 50 नॅनोमीटरचा थर देण्याची कृपा करावी. क्रोमियम तुमचं, सोनं माझं. अख्ख्या लोलकाला मिलिग्रॅमभरही लागणार नाही, आणि कपाटाची किल्ली मला सापडली आहे.